मापाड्याच्या हातचा साबण

खर्ड्याच्या आठवडी बाजारात गहिनीनाथ मापाड्याला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो परगावचा समजावा. आणि त्यालाही दुपार व्हायच्या आत ओळख पटायची, कारण बाजारात सगळ्यात मोठा आवाज गहिनीनाथाचाच. धान्याच्या राशीपुढे एक गुडघा टेकून तो बसायचा, पायली राशीत खुपसायचा आणि पहिलं माप पोत्यात ओतताना "लाभ!" म्हणून ओरडायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, अशी रीतच आहे. मग दोन, तीन, चार असं त्याचं गाणं सुरू व्हायचं ते रास संपेपर्यंत.

सरकारनं किलोची वजनं आणून बरीच वर्षं झाली होती. तरी खर्ड्यात ज्वारी पायलीनंच मोजली जायची आणि ती शक्यतो गहिनीनाथाच्याच हातानं. कारण त्याची शीग. काठापर्यंत दाणे आले की माप भरलं, असं शहरातला माणूस म्हणेल. आमच्याकडे तसं मापलं तर दोन घरांची बोलाचाल बंद होईल. काठाच्या वर दाण्यांचं टोक उभं राहिलं पाहिजे. त्या टोकाला शीग म्हणायचं, आणि शिगेसकट जे भरतं तेच खरं एक माप. दुसरे मापाडीही शीग लावायचे, पण त्यांची शीग पोत्यापर्यंत जाईतो निम्मी ढासळायची. गहिनीनाथाची हलायची नाही. देणाऱ्याला वाटायचं आपल्या हातून पुण्य घडलं, घेणाऱ्याला वाटायचं आपल्याला जास्त मिळालं, आणि दोघंही त्याला पसाभर दाणे देऊन जायचे.

"सपाट माप मी मयताच्या घरी बी दिलं न्हाई," असं तो छाती काढून सांगायचा.

"लई मोठा दानशूर," त्याची बायको बनुबाई म्हणायची. "दुसऱ्याच्या राशीतनं."

बनुबाईची जीभ तिखट होती, पण नवऱ्याच्या शिगेचा तिलाही अभिमान होता. का नसावा? त्यांची एकुलती एक लेक मुक्ता त्या शिगेनंच चांगल्या घरी पडली होती. कोपरगावकडचे काकासाहेब नावाचे एक बागायतदार बियाण्याची ज्वारी घ्यायला खर्ड्याला आले होते. उसाचा, पाटाच्या पाण्याचा माणूस. राशीपाशी उभं राहून त्यांनी गहिनीनाथाचं मापणं पाहिलं आणि जाताना विचारलं, "पाव्हणं, लेकीबाळी हायेत का घरात?" पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गोरक्षाशी मुक्ताचं लग्न झालं. देण्याघेण्यावरून एक शब्द झाला नाही. काकासाहेब म्हणाले, ज्याच्या हातात एवढी शीग, त्याच्या लेकीला आम्ही काय मागायचं.

मग बहात्तर साल आलं. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, पण तेव्हा निदान आशा होती. या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. बाजार भरायचा तो नुसता जनावरांचा, आणि तीही कातड्याच्या भावानं जायची. धान्य म्हणजे रेशनच्या दुकानातली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. ती तराजूवर तोलून मिळायची, तिथं मापाड्याचं काय काम? गहिनीनाथानं पायली, शेर, चिपटं अशी सगळी मापं पुसून फळीवर पालथी घातली आणि बनुबाईला घेऊन गावच्या किल्ल्याच्या पलीकडे खडी फोडायच्या कामावर गेला. तिथं फोडलेली खडी मुकादम पेटीनं मोजून घ्यायचा. जन्मभर दुसऱ्याचं मापलेल्या माणसाचं माप आता दुसरा घेऊ लागला.

मुक्ता दिवाळीला माहेरी आली आणि अडकली. गावात पाण्याचा टँकर यायचा, त्यावर बाया तुटून पडायच्या. त्या रेटारेटीत बनुबाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. आईचा हात गळ्यात बांधलेला, बापानं एकट्यानं फोडलेल्या खडीवर घर चालेना, मग मुक्ता म्हणाली, आईच्या जागी मी जाते. सासरी तसा निरोप गेला आणि सासरच्यांनीही हो म्हटलं. माणसं वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ऐकताना कुणाला तरी शिव्या द्याव्याशा वाटतील आणि द्यायला कुणी सापडणार नाही.

खडीच्या कामावर धूळ, घाम आणि अंघोळीला पाणी नाही. बायामाणसं एकमेकींना चिकटून बसायची, एकाच बारदानावर टेकायची. खरूज आली ती अख्ख्या कामावर पसरली. मुक्ताच्या आधी बोटांच्या बेचक्यात पुरळ उठले, मग मनगटावर, कोपरापर्यंत. ती रात्रंदिवस खाजवायची. खाजवून खाजवून हातांना जखमा झाल्या. मुळात हसरी पोर, पण माणसांत बसताना हात पदराखाली घ्यायला लागली.

माघात गोरक्ष तिला न्यायला आला. त्यानं तिचे हात पाहिले आणि एकटाच परत गेला. त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोला तान्हं बाळ होतं. आठ दिवसांत कोपरगावहून निरोप आला: घरात लेकरू आहे, खरूज बरी होऊ द्या, पाडव्याला आम्ही स्वतः येऊन नेऊ.

निरोप साधा होता, रास्त होता. तरी गहिनीनाथाच्या जिवाला घोर लागला. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेली पोर. दिवाळीला आलेली पाडव्यापर्यंत माहेरी राहिली म्हणजे गाव बोलणारच. आणि पाडव्यालाही हात असेच असले तर? त्याला एकच गोष्ट हवी होती. पाडव्याच्या आत पोरीचे हात स्वच्छ व्हावेत आणि तिनं नवऱ्याच्या मागं एसटीत बसावं.

गावात मरियाबाई भिंगारदिवे नावाची नर्स होती. नगरला मिशनमध्ये शिकलेली, उन्हातान्हात सायकलवरून वाड्यावस्त्या फिरणारी. गहिनीनाथ तिच्याकडे गेला.

"गंधकाचं मलम लावायला पाहिजे मामा," ती म्हणाली. "पण माझ्याकडचा डबा कधीच संपला. मागणी केलीय. सगळ्या तालुक्यातच खरूज आहे, कधी येतंय देव जाणे."

"तवर काय करू? राख लावली, लिंबाचा पाला लावला."

मरियाबाईनं जरा विचार केला. मिशनच्या बोर्डिंगात असताना खरजेच्या मुलींसाठी तिथल्या बाया साबण करायच्या, मिठाचा साबण. करंजाचं तेल, कॉस्टिक सोडा आणि मीठ. करंज खरजेला चांगलं, आणि मिठानं वडी दगडासारखी घट्ट होते, थोड्या पाण्यात विरघळून वाया जात नाही. तिनं त्याला नीट समजावून सांगितलं. आठ चिपटी तेल, दोन चिपटी पाणी, एक चिपटं कॉस्टिक, चार चिपटी मीठ. कॉस्टिकला हात लावायचा नाही. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात करायचं नाही, भांडं फसफसतं, मातीचं मडकं घ्यायचं. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. वड्या सावलीत वाळवायच्या.

"आणि माप चुकवू नका हं मामा."

त्यावर गहिनीनाथ कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला. "बाई, तुमी कुनाला सांगताय?"

मरियाबाईही हसली. दुसऱ्या दिवशी तिला पलीकडच्या गावांत पटकीच्या सुया टोचायला पाठवलं आणि ती बरेच दिवस खर्ड्यात नव्हती.

बनुबाईच्या माहेरी ओढ्याकाठी करंजाची झाडं होती. तिच्या भावानं बिया पोत्यात भरून आणून दिल्या आणि तेल्यानं त्या घाण्यातून काढून दिल्या. कॉस्टिक जामखेडहून आणलं, पांढऱ्या पापुद्र्यांचं, डब्यात बंद. सगळं जमल्यावर खडीच्या सुट्टीच्या दिवशी गहिनीनाथानं अंगणात मडकं मांडलं आणि फळीवरचं चिपटं खाली काढलं. पालथं पडून पडून त्याच्या बुडाला कोळ्यानं जाळं केलं होतं. ते त्यानं धोतराच्या सोग्यानं लखलखीत पुसलं.

तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कितीतरी दिवसांनी हातात माप आलं होतं. एक गुडघा टेकून तो बाजारात बसायचा तसा बसला. बनुबाई ओट्यावर हात गळ्यात घेऊन, मुक्ता तिच्या शेजारी.

"बाजारच भरला जनू," बनुबाई म्हणाली. "ओरडा आता."

"लाभ!" तो खरंच ओरडला, आणि तेलाचं पहिलं चिपटं मडक्यात गेलं. मुक्ता खुदकन हसली. दोन, तीन, चार. आठ चिपटी तेल झालं. दुसऱ्या मडक्यात पाणी घेतलं, टँकरचं, फडक्यातून गाळून. मग त्यानं कॉस्टिकचा डबा उघडला. हात लावायचा नव्हता, म्हणून लाकडी पळी घेतली. चिपटं भरलं. काठापर्यंत आलं आणि तो थांबला नाही. पळीनं एकेक पापुद्रा वर चढवत, चिपटं हलकेच ठोकत, त्यानं त्यावर शीग उभी केली. दाण्याची शीग हातानं चढवायला जन्म गेला होता, पळीनं चढवायला जास्त कसब लागत होतं. झाल्यावर त्यानं मान वाकडी करून शिगेकडे पाहिलं.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "हाताबिगर चढवली. हाय का दुसरा कुनी तालुक्यात?"

"लेकीसाठी चढवली म्हना पयल्यांदा," बनुबाई म्हणाली.

"लेकीसाठीच."

ते पाण्यात पडलं तसं पाणी विस्तवाशिवाय उकळल्यासारखं तापलं आणि नाकात जाणारी वाफ निघाली. तिघंही खोकत मागं सरले. ते निवाल्यावर त्यानं तेलात ओतलं आणि लिंबाच्या दांडक्यानं घोटत राहिला. दुपार कलली तसं मिश्रण पिठल्यासारखं दाट झालं, तेव्हा मीठ घातलं, तेही शिगेनं. विटा पाडायच्या साच्यात ओलं फडकं घालून त्यात ते ओतलं, आणि घट्ट होतंय तोवर सुरीनं वड्या पाडल्या. पिवळसर पांढऱ्या, टणक, कडा धारदार. पहिल्यांदाच केलेला साबण असा उतरला म्हणून शेजारपाजारच्या बाया बघून गेल्या. एका वडीवर नख मारलं तर उमटेना. गहिनीनाथ दिवसभर कुणी आलं की वड्यांकडे बोट दाखवत होता.

वड्या वाळल्या आणि मुक्तानं हाताला साबण लावायला सुरुवात केली. पाणी एवढंच की एक तांब्या तिच्या वाट्याचा. साबण लावायचा, फेस अंगावर तसाच जिरू द्यायचा आणि मग ओंजळभर पाण्यानं पुसून काढायचा. पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय व्हय गं?" बापानं विचारलं.

"झोंबतंय."

"मीठ हाय त्यात. जखमंवर मीठ झोंबनारच. झोंबतंय म्हंजी गुन येतोय."

हे त्यानं काही मनचं सांगितलं नव्हतं. टिंक्चर झोंबतं, हळद झोंबते, लिंबू झोंबतो. औषध झोंबलं नाही तर आमच्याकडे वैद्यावरचा विश्वास उडतो. मुक्तानं दात आवळले. साधा साबण असता तर एवढी आग का होते म्हणून कुणी तरी विचारलं असतं, पण मीठ होतं ना त्यात. सगळं मिठाच्या नावावर गेलं.

ती रोज लावत राहिली. जखमा लाल झाल्या, मग कातडी ओलसर होऊन सुटायला लागली. बनुबाई म्हणाली, खपली निघतेय. बापानं विचारलं की मुक्ता म्हणायची, कमी आहे. खडी फोडताना तिच्या हातातून हातोडी गळून पडायची आणि ती शेजारणीला सांगायची, घामानं निसटली. कुणासाठी सोसत होती, नवऱ्यासाठी की बापाच्या त्या ओरडून घातलेल्या लाभासाठी, हे तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं दोन्ही. पण जास्त बापासाठीच.

मरियाबाई गावात परतली ती मलमाचा डबा घेऊनच. पहिली ती मापाड्याच्या घरी आली. मुक्ताचे हात उजेडात धरले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे खरजेचं नाही," ती म्हणाली. "हे भाजलंय."

"साबनाचं मीठ झोंबतं बाई," गहिनीनाथ म्हणाला.

"मिठानं कातडी जात नाही मामा. कॉस्टिक किती घातलं होतं?"

"तुमी सांगितलं तेवढंच. एक चिपटं."

"कसं मापलं, दाखवा मला."

कॉस्टिक उरलं नव्हतं. त्यानं चिपटं आणलं, परड्यातली बारीक रेती घेतली आणि दाखवायला बसला. चिपटं भरलं, ठोकलं, शीग चढवली. सवयीनं त्याची मान वाकडी झाली. मग त्यानं वर पाहिलं. मरियाबाई त्या रेतीच्या टोकाकडे बघत होती.

"आणि तेल?" तिनं हळूच विचारलं.

तेल काठापर्यंतच भरतं. तेलाला शीग चढत नाही. पाण्याला चढत नाही. आयुष्यभर दाणेच मापलेल्या माणसाच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. दाण्याला दाणा मापला तर दोन्हीकडे शीग असते आणि सगळं सारखंच वाढतं. इथं विषाला तेवढी शीग लागली होती आणि तेल सपाट राहिलं होतं. आठ मापांच्या तेलात मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त आग त्यानं स्वतःच्या हातानं, कौतुकानं, पळीनं एकेक पापुद्रा रचून चढवली होती.

"चूक माझी आहे," मरियाबाई म्हणाली. "सपाट म्हणून सांगायला हवं होतं. माझ्या मनातही आलं नाही."

गहिनीनाथानं चिपट्यातली रेती खाली ओतली आणि ते तसंच हातात धरून बसून राहिला.

मलमानं खरूज गेली, आणि तीही किती लवकर! तोच डबा साबण करायच्या आधी आला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. जखमाही भरल्या. पण भरताना कातडी काळी आली नाही, पांढरी आली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरेफटक चट्टे, आणि साबणाच्या हातानं कधी घाम पुसला असेल तिथं हनुवटीखालीही एक. मरियाबाई म्हणाली, हळूहळू भरेल रंग, कदाचित भरणारही नाही. खाज नव्हती, दुखत नव्हतं. हात अगदी स्वच्छ होते.

पाडव्याला काकासाहेब आणि गोरक्ष आले. सुनेला नवं लुगडं, साखरेची गाठी आणि गुळाची ढेप घेऊन. दुष्काळातही बागायतीतली माणसं हात हलवत येत नाहीत. गहिनीनाथानं दारात गुढी उभारली होती. पाहुण्यांना त्यानं गूळ आणि तांब्याभर पाणी दिलं, त्या दिवसांत ते मोठंच आगतस्वागत होतं. मग मुक्ता डोक्यावर पदर घेऊन पाया पडायला आली. सासऱ्याच्या पायावर तिचे हात टेकले आणि काकासाहेबांनी पाय मागं घेतले.

"हे काय?" ते म्हणाले.

"भाजलंय," गहिनीनाथ घाईघाईनं म्हणाला. "खरूज गेली पाव्हणं, समदी गेली. हे साबनानं भाजलेलं हाय. माझ्याच हातानं माप चुकलं."

"तुमच्या हातानं?" काकासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. "पाव्हणं, तुमच्या हाताचं माप बघून तर मी सोयरीक केली."

"न्हाई, चुकलं न्हाई, म्हंजी शीग... शीग लागली कॉस्टिकला. नर्सबाईला इचारा."

"नर्सबाई तुमच्या गावची." काकासाहेबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "कोडाला कुनी भाजलं म्हनतं, कुनी मासळीव दूध पिलं म्हनतं. म्या काय तुमाला खोटं पाडत न्हाई. पर साबनानं मानूस भाजतंय, असं म्या उभ्या जन्मात ऐकलं न्हाई."

त्या शब्दानं मुक्तानं हात पदरात घेतले. कोड. एकदा उच्चारला की तो शब्द घरातून जात नाही.

गहिनीनाथ उठला. आत जाऊन त्यानं फडक्यात बांधून ठेवलेल्या वड्यांतली एक आणली, आणि घरातली पाण्याची घागर. "आता दावतो तुमाला," म्हणाला. पाहुण्यांच्या पुढ्यात अंगणात बसून त्यानं बाही वर सारली, हात भिजवला आणि ती वडी हातावर घासायला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत, पुन्हा मनगटापर्यंत. फेस आला, पातळ, पिवळट. तो घासत राहिला. "बघा आता," म्हणाला. "आता आग व्हईल." घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. गोरक्ष खाली मान घालून उभा होता. उंबऱ्यात बनुबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

काही झालं नाही. खडी फोडून राठ झालेला, उन्हानं रापलेला, एकही जखम नसलेला तो हात. साबणाला आत शिरायला जागाच नव्हती. उलट मळ निघून हात उजळ झाला, दुष्काळ लागल्यापासून झाला नव्हता एवढा. त्यानं दुसरी वडी आणली. ती घासली. देवा, एकदा भाज, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं. घागर रिकामी झाली. तिच्यात दिवसभराचं पाणी होतं.

"दादा, पुरे," मुक्ता बापाला म्हणाली.

काकासाहेबांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, उठा. काय न्हाई झालं, बघा. आता सोडा."

"बापू," गोरक्ष पहिल्यांदाच बोलला, "घेऊन जाऊ तिला."

काकासाहेबांनी पोराकडे पाहिलं. "तुझ्या दोन बहिनी लग्नाच्या हायेत," ते म्हणाले. एवढंच. मग बापलेक तसेच निघाले.

लुगडं आणि गाठी त्यांनी परत नेली नाहीत. गोरक्षानं जाताना एकदा मागं वळून पाहिलं आणि त्या वेळी मुक्ता आत निघून गेली होती. पुढच्या वर्षी वैशाखात त्याचं दुसरं लग्न झाल्याचं कोपरगावकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं. गहिनीनाथ तेव्हा जेवत होता. त्यानं ताट सारलं नाही, पुढ्यातली भाकरी संपवली आणि हात धुतले.

त्र्याहत्तरला पाऊस पडला आणि ज्वारी अशी पिकली की लोकांना पोती पुरेनात. खर्ड्याचा बाजार पुन्हा राशींनी भरला. लोकांनी गहिनीनाथाला हाक मारली. तो आला, गुडघा टेकून बसला, पायली राशीत खुपसली. लाभ म्हणाला, पण पहिल्या ओळीतल्या माणसालाच ऐकू जावं एवढंच. आणि पायली वर काढताना त्यानं हाताची कड काठावरून सपकन फिरवली. शीग खाली राशीत पडली.

लोकांना वाटलं पहिल्यांदा चुकून झालं. दुसऱ्या मापालाही तेच. तिसऱ्याला घेणारा ओरडला. देणाऱ्यालाही लाज वाटली, म्हणाला, मापाडी, माझ्या राशीची अब्रू घालवू नका. गहिनीनाथ ऐकून घ्यायचा आणि पुढचं माप सपाट करायचा. सुरुवातीला लोक चिडले, मग थट्टा झाली. लेक माहेरी बसल्यापासून मापाड्याचा हात आखडला, असं म्हणायला लागले. दोन हंगामांत लोकांनी त्याला बोलावणं सोडलं. तसाही बाजारात एव्हाना तराजू आला होता.

मुक्ता माहेरीच राहिली. चट्टे भरले नाहीत. गावातल्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, आणि कुंकू लावताना तिच्या हाताला हात लागणार नाही एवढी काळजी घ्यायच्या. बनुबाईचं मनगट वाकडंच जोडलं गेलं होतं, त्यामुळं दळण काढायचं काम मुक्ताकडं आलं.

एका सकाळी ती कणगीतून ज्वारी काढत होती. गहिनीनाथ शेजारी भिंतीला टेकून बसला होता. तिनं बापासारखाच गुडघा टेकला, शेर भरला, पांढऱ्या हातानं दाण्यांवर दाणे चढवत शीग उभी केली. तिलाही ती चांगली जमायची. त्याच्या अंगात होतं ते तिच्यात उतरलं होतं, पण हे तिला सांगायचं त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि आता सांगायची हिंमत नव्हती.

"लाभ," ती म्हणाली.

त्याचा हात पुढं आला.

"राहू द्या दादा," मुक्ता म्हणाली. "दान्यानं कुनी भाजत न्हाई."

तो थांबला. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, कोपरापासून बोटांपर्यंत. मग हाताची कड त्यानं शेराच्या काठावरून फिरवली आणि शीग खाली पाडली. मुक्तानं सांडलेले दाणे गोळा करून पुन्हा शेरावर चढवले. त्यानं ते पुन्हा सपाट केले.